दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यासाची जागा

दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात पाहुणे मुलांना सांगतात, जागा नाही म्हणून रडत बसू नका. खरे आहे. परळच्या चाळीत स्वयंपाक, झोपणे, सारे एकाच खोलीत होत असताना डॉ. बाबासाहेबांनी पहाटे दोनला उठून अभ्यास केला, हे आपण जाणतोच. पण त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, तेव्हा पुस्तकांच्या जागेचा विचार आधी केला. म्हणजे जागा लागतेच. ती आणायची कोठून, एवढाच प्रश्न.

आमचे सहा माणसांचे बिऱ्हाड घाटकोपरला दहा बाय बाराच्या खोलीत होते. मुलगी आठवीत गेली तेव्हा आम्ही बोनसमधून लोखंडी टेबल आणले. पहिल्याच रात्री अंथरुणे पसरायला जागा उरली नाही. आजी टेबलाखाली पाय घालून झोपल्या. महिन्याभरात टेबलावर डबे आणि इस्त्रीचे कपडे चढले व मुलगी पुन्हा जमिनीवर आली. शेवटी ते भंगारात गेले. पुनर्वसनाच्या इमारतीतही हा प्रश्न सुटत नाही. 1995 च्या योजनेत घर 225 चौरस फुटांचे होते, नंतर 269 चे झाले, आता 300 चे मिळते.

मग आम्ही भिंतीला घडीची फळी लावली. 19 मिलिमीटरचे प्लायवूड, अडीच फूट लांब, दीड फूट रुंद. भिंतीत लाकडी पट्टी ठोकून तिला बिजागऱ्या व दोन्ही बाजूंना साखळ्या. काम झाले की फळी खाली सोडायची. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात असे तुकडे मिळतात. मात्र वाळवी लागलेली नाही ना, हे पाहून घ्यावे. पट्टी जाड भिंतीतच बसवावी. पातळ आडभिंतीत स्क्रू सैल होतात आणि मूल कोपर टेकते तेव्हा फळी निखळते. उंचीचा हिशोब सोपा आहे: बसण्याच्या जागेपासून फळी दहा-बारा इंच वर. पलंगावर बसून लिहायचे असेल तर मोजमाप पलंगावरून घ्यावे, जमिनीवरून नव्हे.

उजेडाकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. खोलीतली ट्यूब पाठीमागे आली की वहीवर स्वतःचीच सावली पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडून हवा, डावखुऱ्याला उजवीकडून. 9 वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जाळला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. जुना 60 वॅटचा बल्ब तेवढ्याच वेळात 9 युनिटे खाई. येथे काटकसर करू नये. पुस्तके पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत.

राहिला आवाज. फळी वर आली की टीव्ही बंद, असा आमच्या घरी ठराव आहे. आजींनी मालिकेसाठी तो दोनदा मोडला. हल्ली त्या शेजारी जाऊन पाहतात.