रक्त पातळ करणारे औषध : पथ्य आणि प्रत्याख्यान

चातुर्मास जवळ आला की जैन घरांतील स्वयंपाकघराचे रूप पालटते. पालेभाज्या ताटातून निरोप घेतात, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची लगबग सुरू होते आणि एकासना, आयंबिल, उपवास यांचे संकल्प होऊ लागतात. अशाच कितीतरी घरांत आज एखादे ज्येष्ठ असतात, ज्यांना हृदयविकारामुळे किंवा रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे ‘रक्त पातळ करणारी’ गोळी रोज घ्यावी लागते. हे औषध आहाराशी, पाण्याशी आणि घड्याळाशी फार घट्ट बांधलेले आहे. मात्रा कमी पडली तर गुठळी होऊन अर्धांगवायूचे भय, आणि प्रभाव वाढला तर पोटात किंवा मेंदूत रक्तस्रावाचे भय. या दोन कड्यांमधील वाट अरुंद आहे. व्रत घेण्यापूर्वी ती नीट समजून घेणे हे त्या रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचेही कर्तव्य आहे.

हे औषध नेमके काय करते?

‘रक्त पातळ करणारे’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी या औषधाने रक्त पाण्यासारखे होत नाही. रक्त गोठण्याची क्रिया तेवढी मंदावते. या औषधांचे दोन मुख्य वर्ग आहेत. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी औषधे रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटू देत नाहीत. हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवल्यावर ती दिली जातात. दुसरा वर्ग गोठण्याच्या रासायनिक साखळीवरच काम करतो. वॉरफरिन, आपल्याकडे विशेष वापरले जाणारे असेनोकुमारॉल, आणि अलीकडची डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबान, अपिक्सॅबान ही औषधे या वर्गात येतात. या लेखाचा विषय हा दुसरा वर्ग आहे.

हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाच्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होतो. हा धोका सामान्य माणसापेक्षा सुमारे पाचपट असतो, आणि वॉरफरिनसारख्या औषधाने तो जवळजवळ दोन तृतीयांशाने घटतो. पायाच्या खोल शिरेत किंवा फुफ्फुसात गुठळी झालेल्यांना हे औषध काही महिने, कधी आयुष्यभर घ्यावे लागते. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांना तर ते जन्मभराचे सोबती होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली भारतीय झडप १९९० पासून रुग्णांना बसवली जात आहे. तीही याच प्रकारची असल्याने ती बसवलेल्यांनाही हे औषध चुकवता येत नाही.

सडलेल्या चाऱ्यातून आलेले औषध

या औषधाचा जन्म विलक्षण आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील गुरे अचानक रक्तस्रावाने मरू लागली. बुरशी आलेला ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा खाल्ल्याने हे घडते, असे पशुवैद्यांच्या ध्यानात आले. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून मेलेली गाय आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेले दुधाचे भांडे घेऊन विद्यापीठात पोहोचला. तेथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून त्या चाऱ्यातील द्रव्य वेगळे केले. त्यातून पुढे निघालेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही ते देण्यात आले. ‘ही तर उंदराच्या विषाची गोळी’ असे कोणी सांगितले म्हणून भिऊन ती बंद करणारे रुग्ण आजही आढळतात. द्रव्य एकच असले तरी त्याचे विष होणार की औषध, हे मात्रेवर ठरते. आणि ती मात्रा अचूक राखण्यासाठीच रक्ताची तपासणी असते.

आयएनआर : मात्रेचा काटा

वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी ‘आयएनआर’ हा आकडा ओळखीचा करून घ्यावा. औषध न घेणाऱ्या निरोगी व्यक्तीत तो सुमारे १ असतो. बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवला जातो. काही कृत्रिम झडपांसाठी, विशेषतः मिट्रल झडपेसाठी, २.५ ते ३.५ अपेक्षित असतो. आपले लक्ष्य कोणते, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आरंभी तपासणी वरचेवर, आकडा स्थिरावल्यावर काही आठवड्यांच्या अंतराने होते. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि तारीख, आकडा व गोळीची मात्रा एका वहीत नोंदवत जावी.

मात्रेतील घोटाळा हा घरोघरी होणारा अपघात आहे. एक दिवस २ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी ३ मिलिग्रॅम, असे डॉक्टर लिहून देतात आणि मग ‘आज कोणती?’ हा प्रश्न रोज उभा राहतो. गोळीच्या रंगावर विसंबू नये. कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिन्याच्या आरंभीच प्रत्येक तारखेला मात्रा लिहून ठेवावी आणि गोळी घेतल्यावर खूण करावी.

पालेभाजीचा त्याग आणि औषधाचे गणित

वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणतात. यकृत या जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठवणारे घटक तयार करते. हे जीवनसत्त्व हिरव्या पानांत भरपूर असते. १०० ग्रॅम पालकात ते ४५० मायक्रोग्रॅमहून अधिक असते, तर प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज सुमारे ९० ते १२० मायक्रोग्रॅम एवढीच. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, मोहरीचा पाला यांचाही याच गटात समावेश होतो. तांदूळ, गहू, डाळी, दूध आणि दुधीसारख्या फळभाज्यांत ते थोडेच असते.

येथेच चातुर्मासाचा संबंध येतो. आषाढापर्यंत रोज पालेभाजी खाणाऱ्या व्यक्तीची गोळी त्या आहाराशी जुळवलेली असते. चातुर्मासात पालेभाजी एकाएकी थांबली की ‘के’ जीवनसत्त्व घटते, तीच गोळी अधिक प्रभावी ठरते आणि आयएनआर वर चढतो. कार्तिकात चातुर्मास संपून पालेभाज्या पुन्हा भरपूर खाल्ल्या की तो खाली येतो आणि गुठळीचा धोका वाढतो. अष्टमी-चतुर्दशीला एखाद्या दिवसापुरती हिरवी भाजी न खाल्ल्याने सहसा मोठा फरक पडत नाही. चार महिन्यांच्या त्यागाने मात्र पडू शकतो.

यासाठी पालेभाजी वर्षभर वर्ज्य करण्याची गरज नाही आणि त्याग मोडण्याचीही नाही. हवे ते सातत्य. त्याग घेणार असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे, त्याग सुरू झाल्यावर आठवड्याभरात आयएनआर तपासावा आणि त्यानुसार त्यांनी सांगितलेली मात्रा घ्यावी. चातुर्मास संपताना हेच पुन्हा करावे. नवीन पिढीच्या औषधांवर पालेभाजीचा असा परिणाम होत नाही.

चौविहार, नवकारशी आणि गोळीची वेळ

वॉरफरिन रात्री घेण्याची प्रथा आहे. सकाळच्या तपासणीचा आकडा पाहून त्याच दिवशीची मात्रा बदलता यावी, एवढाच तिचा हेतू. वेळ रोज तीच असली म्हणजे पुरते. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळच्या जेवणाला जोडून, उदाहरणार्थ साडेपाचची वेळ, बारा महिने ठेवावी. मुंबईत सूर्यास्त डिसेंबरच्या आरंभी सहाच्या सुमारास, तर जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर होतो. गोळी सूर्यास्ताबरोबर सरकत ठेवण्यापेक्षा वर्षभर साधेल अशी वेळ निवडणे सोयीचे.

नवीन औषधांचे नियम निरनिराळे आहेत. रिव्हरॉक्सॅबानच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या अन्नासोबतच घ्याव्या लागतात. रिकाम्या पोटी त्या पुरेशा शोषल्या जात नाहीत. सायंकाळच्या जेवणासोबत त्या सहज बसतात, पण उपवासाच्या दिवशी प्रश्न उभा राहतो. अपिक्सॅबान आणि डॅबिगॅट्रान दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने घ्यायची असतात. हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडे नवकारशी आठच्या सुमारास येते आणि सूर्यास्त सहाच्या आसपास. म्हणजे मधे दहाच तास आणि रात्रीचे चौदा. हे अंतर चालेल की दिवसातून एकदाच घ्यायचे औषध बरे, याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. त्यासाठी आपले नियम त्यांना ठाऊक असले पाहिजेत. धातूची झडप असलेल्यांना आणि संधिवाताच्या तापामुळे मिट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना मात्र ही नवीन औषधे चालत नाहीत. त्यांच्यासाठी वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉलच योग्य.

उपवास, अठ्ठाई आणि पारणे

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘आज उपवास, म्हणून आज गोळी नाही’ असे स्वतःच ठरवणे. नवीन औषधांचा प्रभाव एक-दोन दिवसांत ओसरतो आणि शरीर गुठळीसमोर उघडे पडते. वॉरफरिनचा प्रभाव काही दिवसांनी ओसरतो, एवढाच फरक. दुसरीकडे, अठ्ठाईसारख्या दीर्घ तपात गोळी चालू ठेवली तरी आहार बंद असल्याने आयएनआर धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडणारे डॅबिगॅट्रान रक्तात साचत जाते. म्हणजे या रुग्णांसाठी दीर्घ उपवास दोन्ही बाजूंनी जोखमीचा आहे.

याविषयी आपली परंपरा कठोर नाही. प्रत्याख्यानात आगार, म्हणजे अपवाद, सांगितले आहेत आणि समाधी टिकवण्यासाठी औषध घेण्याची मोकळीक देणारा आगार त्यांत आहे. सोळाकारण भावनांत तप आणि त्याग यांच्या मागे ‘शक्तितः’ हा शब्द जोडलेला आहे. शक्ती पाहून तप करावे, हा त्याचा आशय. अशा रुग्णाने गुरुमहाराजांसमोर आपला आजार मोकळेपणाने मांडावा. बेआसणा, द्रव्यमर्यादा, स्वाध्याय, मौन अशी शरीराला झेपणारी आराधना ते सुचवू शकतील. घरच्यांनीही ‘यंदा अठ्ठाई नाही?’ असे विचारून ज्येष्ठांना संकोचात टाकू नये.

औषधाच्या घटकांविषयी

रुग्णालयात दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात, आणि अनेक कॅप्सूलचे कवच प्राणिज जिलेटिनचे असते. हे ज्यांना खटकते त्यांनी आधीच विचारावे. फॉन्डापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या तयार केलेले औषध काही रुग्णांना पर्याय ठरू शकते, आणि वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात. मात्र डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून आतील औषध कधीही घेऊ नये; त्यामुळे औषध अपेक्षेपेक्षा जास्त शोषले जाऊन रक्तस्राव होऊ शकतो. तातडीच्या प्रसंगी पर्याय नसेल, तर औषध नाकारण्यापूर्वी जीव धोक्यात आहे हे ध्यानी घ्यावे.

सोबतची औषधे, विसरलेली गोळी

अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी या रुग्णांत जठरातून रक्तस्राव घडवू शकते. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल यांसारखी प्रतिजैविके आणि फ्लुकोनाझोल वॉरफरिनचा प्रभाव वाढवतात. क्षयावरील रिफॅम्पिसिन तो घटवते. घरगुती काढे आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे अर्कही विचारल्याविना घेऊ नयेत. दंतवैद्याला आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला या औषधाची कल्पना द्यावी. दात काढायचा म्हणून परस्पर गोळी बंद करू नये. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते.

वॉरफरिनची गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी; दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यावी. भरपाई म्हणून दुप्पट मात्रा कधीही घेऊ नये. चौविहारानंतर आठवल्यास काय करायचे, हे गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांना आधीच विचारून ठेवावे. शिखरजी किंवा पालिताण्याच्या यात्रेला निघताना पुरेशा गोळ्या, नोंदवही आणि औषधाचे नाव लिहिलेले कार्ड जवळ असावे.

ही चिन्हे दिसताच रुग्णालय गाठावे

डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तरी खात्री करून घ्यावी), लाल किंवा तपकिरी लघवी, रक्ताची उलटी, न थांबणारा घोळणा, कारण नसताना उठणारे मोठे काळेनिळे डाग, अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी. डोक्याला मार लागला तर वर जखम दिसत नसली तरी तपासणी करून घ्यावी. आतील रक्तस्राव काही तासांनीही प्रकट होतो. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे ही अर्धांगवायूची चिन्हे आहेत. गुठळी विरघळवण्याचे उपचार साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच करता येतात, म्हणून लक्षण कोणत्या वेळी सुरू झाले ते लक्षात ठेवावे आणि रुग्ण कोणते औषध घेतो हे पोहोचताच सांगावे.

देह हे धर्मसाधनेचे साधन आहे, असे आपले वडीलधारे सांगत आले. त्या साधनाची निगा राखताना गोळीची वेळ सांभाळणे, वहीत नोंद करणे आणि व्रत घेण्यापूर्वी डॉक्टरांशी दोन शब्द बोलणे, एवढी जागरूकता प्रत्येक घराला सहज साधण्याजोगी आहे. यंदाचे संकल्प लिहिताना घरातील ज्येष्ठांच्या गोळीची वही शेजारी उघडून ठेवावी.