मीटर अंधारले, मुदत सरली

मोटारीची वॉरंटी ज्या महिन्यात संपते त्याच्या पुढच्याच महिन्यात तिच्यातील एखादा भाग बिघडतो, अशी एक थट्टेची समजूत आपल्या व्यापारी कुटुंबांत रूढ आहे. थट्टा बाजूला ठेवली तरी डॅशबोर्डावरील पडद्याच्या बाबतीत तिच्यात बराच तथ्यांश आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स हे भाग दीर्घकाळ टिकावेत अशाच बेताने घडवलेले असतात. वेगाचा काटा, किलोमीटरचे आकडे आणि इशाऱ्याचे दिवे दाखवणारे मीटर, तसेच मधला टचस्क्रीन, ही मात्र जातीने मोबाइल-दूरदर्शनची भावंडे होत. ऊन, दमट हवा आणि खड्डे हे त्यांचे तीन वैरी. उल्हास नदीच्या खोऱ्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात, हे तिघेही भरपूर भेटतात.

मीटर अंधारले म्हणजे केवळ शोभा गेली असे नव्हे. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात बनणाऱ्या मोटारींना वेगमर्यादेचा इशारा आणि सीटबेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली. एबीएस, एअरबॅग, ब्रेक ऑइल, इंजिनाचे तापमान या सर्वांचे इशारेही याच मीटरवर उमटतात. मीटर बंद असलेली गाडी चालते खरी. परंतु ती काय सांगू पाहते हे चालकाला कळत नाही. कुटुंबासह रात्री घाट उतरताना ही उणीव किती महाग पडू शकते, हे निराळे सांगावयास नको.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याच्या चार वर्षांच्या मोटारीचे मीटर गेल्या पावसाळ्यात असेच रुसले. सकाळी आकडे अर्धे दिसत, दुपारी ऊन लागले की पूर्ण उमटत, आणि संध्याकाळी पुन्हा नाहीसे होत. अधिकृत सर्व्हिस सेंटरने गाडीला स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत निर्णय दिला: संपूर्ण युनिट बदलावे लागेल, खर्च पाच आकडी, भाग येण्यास तीन आठवडे. ‘दुरुस्ती होणार नाही का?’ या प्रश्नाला ‘आमच्याकडे दुरुस्ती नसते, बदलीच असते’ असे उत्तर मिळाले. उत्तर उद्धट नव्हते आणि खोटेही नव्हते. अधिकृत केंद्रात पडदा उघडून पाहण्याची पद्धतच बहुधा नसते. तेथील कामगाराला भाग ओळखणे आणि बदलणे शिकवलेले असते; सोल्डरिंग त्याच्या कामात बसत नाही.

वस्तुतः त्या मीटरचे लक्षण जाणकाराला बरेच काही सांगून गेले असते. काचेचा पडदा आणि खालचे सर्किट यांना जोडणारी एक पातळ पट्टी असते, तिला कारागीर ‘रिबन’ अथवा नुसते ‘स्ट्रिप’ म्हणतात. बऱ्याच मीटरांत ही पट्टी उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेली असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने व दमटपणाने तिची पकड सैल होते आणि आकड्यांतील रेघा गळू लागतात. तापमान बदलले की पकड तेवढ्यापुरती जमते. म्हणून दुपारी सर्व ठीक आणि सकाळी अंधार. अशा वेळी पट्टी नव्याने दाबून बसवणे वा बदलणे एवढेच काम असते. सगळे आकडे अंधूक दिसत असले, परंतु टॉर्चच्या प्रकाशात वाचता येत असले, तर पडदा शाबूत असून मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, गेलेला असतो. खड्ड्यात आदळल्यावर पडदा क्षणभर बंद पडून परत येत असेल तर एखादा सोल्डरचा सांधा तडकलेला असण्याचा संभव अधिक. टचस्क्रीन आपोआप गाणी बदलू लागला, कुणी हात न लावता फोन लावू लागला, तर बहुतेक वेळा वरची स्पर्शाची काच बिघडलेली असते. तिच्याखालचा पडदा चांगला असतो आणि ती काच अनेक मोटारींत निराळी बदलता येते.

तरीही मीटर खोलण्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. बॅटरी कमकुवत झाली की गाडी सुरू करताना दाब खाली येतो आणि पडदा मध्येच बंद होऊन पुन्हा उजळतो; दोष पडद्याचा वाटतो, असतो बॅटरीचा. त्यानंतर फ्यूज, मग अर्थिंग, मग मीटरमागचा कनेक्टर, आणि पुढच्या काचेच्या कडेने वा सनरूफच्या नळीतून आत पाणी झिरपते का, हे क्रमाने तपासावे. बॅटरीची तार काही मिनिटे सोडवून पुन्हा जोडल्याने एखादा अडकलेला पडदा जागा झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मात्र स्टिअरिंगजवळचे काही उघडायचे असेल तर एअरबॅगची जाण असलेल्या कारागिराखेरीज कोणालाही हात लावू देऊ नये. पैसे वाचवण्याच्या नादात घरच्या चिरंजिवांना स्क्रूड्रायव्हर देणे तर मुळीच नको.

आता हे काम करणारा कारागीर कोठे मिळतो? आपला पट्टा या बाबतीत सुदैवी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. हातात भांडवल नसलेल्या माणसांनी येथे वस्तू उघडून पाहण्याची, जुळवण्याची आणि तशीच दुसरी बनवण्याची विद्या पोटासाठी आत्मसात केली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यात उपहास आहे, पण मला त्यात त्या विद्येला दिलेली दादही ऐकू येते. शेजारच्या अंबरनाथात आयुध कारखाना आणि औद्योगिक वसाहत यांमुळे यंत्राची भाषा जाणणारा वर्ग पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. मोबाइलच्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारा मुलगा मोटारीच्या मीटरची पट्टीही दाबू शकतो, फक्त त्याला मोटारीची वायरिंग जाणणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनची जोड हवी. येथे न जमल्यास मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे इलेक्ट्रॉनिक भाग मिळतात, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सामान.

जुन्या सामानाविषयी मात्र सावधगिरीचा शब्द सांगणे प्राप्त आहे. मोडीत निघालेल्या गाडीचे मीटर स्वस्त मिळते, पण त्याच्या स्मृतीत त्या गाडीचे किलोमीटर असतात. शिवाय कित्येक मोटारींत चोरीविरोधी यंत्रणा मीटरशी बांधलेली असल्याने परके मीटर बसवताच गाडी सुरू होण्यास नकार देते. मग ‘कोडिंग’ करणारा गाठावा लागतो, आणि त्याच्या लॅपटॉपवर किलोमीटरचा आकडा वाटेल तो टाकता येतो. आपण गैरहेतू बाळगला नसला तरी उद्या ती गाडी विकताना खरेदीदाराने सर्व्हिसची नोंद तपासली आणि आकडे जुळले नाहीत, तर प्रश्न सचोटीचा होतो. म्हणून शक्यतो आपलेच मीटर दुरुस्त करून घ्यावे. बदलावेच लागले तर जुन्या मीटरवरील आकड्याचे छायाचित्र काढावे, तो आकडा व बदलीची तारीख जॉब कार्डावर आणि बिलावर लिहून घ्यावी, आणि जुना भाग परत मागावा. मधला टचस्क्रीन दुरुस्तीस देताना आणखी एक काळजी: त्यात आपल्या फोनमधील नावे आणि क्रमांक उतरलेले असतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती ग्राहकांची यादीच. पडदा चालू असेल तर ती पुसूनच द्यावा.

वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजात जाण्यास बरेच जण बिचकतात, आणि ‘बाहेर हात लागला तर आम्ही जबाबदार नाही’ हे वाक्य त्यांना आणखी बिचकवते. या वाक्याचा निकाल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी लावला आहे. शमशेर कटारिया प्रकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. आयोगाचा युक्तिवाद व्यापाऱ्याला चटकन पटेल असा आहे. गाडी विकत घेईपर्यंत दहा कंपन्या आपल्यापुढे हात जोडून उभ्या असतात. गाडी घेतल्यावर तिच्या सुट्या भागांसाठी मात्र एकाच दुकानाचे दार उघडे राहते. म्हणजे बाजारात कितीही स्पर्धा असली तरी स्वतःच्या सुट्या भागांच्या बाबतीत प्रत्येक कंपनी मक्तेदारच. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्या, भागांच्या किमती ग्राहकाला पाहता येतील अशा जाहीर करा, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आयोगाने बजावले. बाहेरच्या सदोष कामामुळेच नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येते. दंडावरून पुढे अपिले झाली. पण ग्राहकाने सर्व्हिस सेंटरशी बोलताना मनात ठेवावा असा विचार त्या आदेशाने दिला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारींचे क्षेत्र समाविष्ट आहे.

पडद्याचा दोष एका गाडीचा नसून त्या मॉडेलचाच असेल तर गोष्ट आणखी बदलते. अमेरिकेत टेस्लाच्या मॉडेल एस आणि एक्स या गाड्यांचे मधले पडदे काही वर्षांनी बंद पडू लागले. आतील स्मृतीची चिप सततच्या लेखनाने झिजत होती. तेथील सुरक्षा खात्याने म्हटले की पडदा गेला म्हणजे मागचा कॅमेरा आणि काचेवरील धुके घालवण्याची सोय गेली, तेव्हा हा सुरक्षेचा दोष आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. म्हणून खर्च मान्य करण्यापूर्वी आपल्या गाडीच्या चेसिस क्रमांकावर काही रिकॉल निघाला आहे का, हे विचारावे. सर्व सर्व्हिस वेळेवर झालेली असेल तर खर्चाचा काही वाटा कंपनीने ‘गुडविल’ म्हणून उचलावा, अशी लेखी विनंतीही करावी. तोंडी विनंती काउंटरवरच विरते.

आता आपल्या पेढ्यांचा प्रश्न. आपल्यातील पुष्कळ मोटारी फर्मच्या नावावर असतात, आणि ‘गाडी धंद्याची, म्हणून ग्राहक मंचाचे दार बंद’ असा समज पक्का आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘व्यक्ती’ या व्याख्येत भागीदारी संस्था, हिंदू अविभक्त कुटुंब आणि कंपनी ही तिन्ही येतात. अडचण असते ती ‘व्यापारी उद्देशा’ची. ९ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डेमलर क्रायस्लर विरुद्ध कंट्रोल्स अँड स्विचगिअर या प्रकरणात संचालकांच्या वापरासाठी कंपनीने घेतलेल्या मोटारीबाबत कंपनीला ग्राहक मानले. खरेदी कोणाच्या नावावर झाली यापेक्षा ती नफा कमावण्याच्या व्यवहाराशी थेट जोडलेली होती का, हे पाहिले जाते. माल वाहणाऱ्या टेम्पोची गोष्ट अर्थातच वेगळी.

तक्रार आपण जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते. म्हणजे आपल्यासाठी ठाणे जिल्हा. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. कित्येक प्रकरणे तेथेच मिटतात. मात्र या सर्वांना आधार लागतो तो बिलाचा. आणि येथे आपल्यातील एका सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. जीएसटी वाचवण्यासाठी ‘कच्च्यात’ काम करून घेणारा व्यापारी दुरुस्ती फसली की हात चोळत बसतो. मागूनही बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. न मागणाऱ्याला कायदा काय मदत करणार? तेरा किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी मोटारीच्या दुरुस्तीवरील जीएसटीचे क्रेडिट सामान्यतः मिळत नाही, हे खरे; म्हणून काहींना पक्के बिल निरर्थक वाटते. परंतु ते बिल क्रेडिटसाठी नसते, दुरुस्तीवरील तीन-सहा महिन्यांच्या हमीचा तोच एक पुरावा असतो.

विम्याबद्दल थोडक्यात. नेहमीच्या मोटार विम्यात विद्युत बिघाड बसत नाही, पुराचे पाणी मात्र बसते. २६ जुलै २००५ चा प्रलय या पट्ट्याने सोसला आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी किल्ली फिरवून ‘मीटर लागते का’ हे पाहू नये. विमा कंपनीला कळवून, छायाचित्रे काढून ती उचलून न्यावी. पाणी ओसरल्यावर महिन्याभराने मीटर गेले आणि तोवर कळवलेलेच नसले, तर तो बिघाड पुराचा होता हे सिद्ध करणे अवघड जाते.

त्या कापड व्यापाऱ्याचे मीटर शेवटी कॅम्पातल्याच एका लहानशा दुकानात उघडले गेले. कारागिराने पट्टी बदलली, दोन सांधे नव्याने केले आणि मीटर रात्रभर टेबलावर चालू ठेवून मगच गाडीत बसवले. अधिकृत केंद्राने सांगितलेल्या रकमेच्या दशांशाहूनही कमी खर्च आला. दुकानात बिलबुक नव्हते; व्यापाऱ्याने कोऱ्या कागदावर काम, तारीख, किलोमीटर आणि सहा महिन्यांची हमी स्वतःच्या हाताने लिहिली, आणि कारागिराने वाचून त्याखाली सही केली.