व्हीपीएस आणि रिमोट डेस्कटॉप: यंत्र कोणतं, वाट कोणती?

'व्हीपीएस घ्यावं की रिमोट डेस्कटॉप?' असा प्रश्न आपल्या भागातली तरुण मंडळी हल्ली विचारतात. उत्तराआधी प्रश्नाची मांडणी तपासू.

गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एक गल्लत दाखवून दिली. ऑक्सफर्डला आलेला पाहुणा सगळी कॉलेजं, ग्रंथालयं पाहतो आणि विचारतो, "ते ठीक, पण विद्यापीठ कुठंय?" दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी तो एकाच रांगेत उभ्या करतो. आपलंही तसंच होतं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होते आणि तारेतून घरी येते. 'केंद्र घेऊ की तार?' असं मात्र आपण विचारत नाही.

व्हीपीएस, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, हे यंत्र आहे. डेटा सेंटरमधल्या एका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक भाग पाडतात. प्रत्येक भागाला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, ठरलेली मेमरी, ठरलेली जागा. आपला भाग बंद करून पुन्हा सुरू केला, तर शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. 'आभासी' या शब्दाने फसायचं नाही. मृगजळाने तहान भागत नाही. हे यंत्र मात्र खरंखुरं काम करतं, आणि भाडं भरलं की रात्रंदिवस चालू राहतं.

रिमोट डेस्कटॉप ही वाट आहे. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्याला इथे दिसतो. आपली कळ आणि माऊसची हालचाल तिकडे पोचते. काम तिथेच होतं, फाइलही एरवी तिथेच राहते. तो दूरचा संगणक घरचा असेल, ऑफिसातला असेल, किंवा व्हीपीएससुद्धा असेल. म्हणजे दोन्ही एकत्र नांदू शकतात. विंडोज असलेल्या व्हीपीएसवर बहुधा याच वाटेने जातात. लिनक्सवर एसएसएच नावाची वाट असते. तिच्यात चित्र नाही, फक्त अक्षरं. नेटवर्क कमजोर असेल तिथे ती अधिक सोयीची.

फरक कळीचा कुठे ठरतो? भामरागडचा पावसाळा घ्या. पर्लकोटेला पूर येतो, रस्ता बंद होतो. अशात वीज गेली असं समजा. एखाद्या मुलीने आपली वेबसाइट घरच्या संगणकावर ठेवली असेल, तर ती चंद्रपुरात बसून रिमोट डेस्कटॉपने काही करू शकणार नाही. पलीकडे यंत्रच बंद आहे. तीच वेबसाइट मुंबईतल्या व्हीपीएसवर असेल आणि मुलगी भामरागडात अडकली असेल, तर तिची वाट तुटेल, पण वेबसाइट जगासाठी चालू राहील. मात्र व्हीपीएस घेतलं की पासवर्ड, अपडेट आणि बॅकअप यांची काळजी बहुधा आपल्यालाच घ्यावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाट दुसऱ्याच्या हाती दिली, की यंत्रही त्याच्या हाती जातं. "बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका आणि नऊ आकडी कोड सांगा," असा फोन येतो. ॲप स्वतः वाईट नसतं. पण कोड सांगून परवानगी दिली, की समोरच्याला आपला पडदा दिसतो, ओटीपी दिसतो. २०१९च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क' ॲपच्या आडून होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. असा फोन आला तर ठेवून द्यावा आणि पासबुकावरच्या नंबरवर आपणच बँकेला विचारावं. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवावं.

तेव्हा निवड करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारू: काम कोणत्या यंत्रावर चालणार, आणि तिथवर जायची परवानगी कुणाकुणाला? आता तुमच्या शंका घेऊ.