विषमज्वर : कोणते औषध लागू पडेल, हे प्रयोगशाळेत कसे ठरते?

अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे. त्यामुळे पूर्णेकाठच्या अनेक गावांत नळाचे किंवा टँकरचे पाणी कित्येक दिवस साठवून वापरावे लागते. अशा पाण्यात रोग्याच्या विष्ठेचा अंश मिसळला, तर विषमज्वर म्हणजेच टायफॉईड पसरतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत योग्य औषध मिळाले नाही, तर आतड्याला छिद्र पडून रोगी दगावू शकतो.

कपाशी उत्पादक बंधूंना प्रतिकारशक्ती म्हणजे काय, हे सांगायला नको. एकाच गटातील कीटकनाशक वारंवार फवारले, की बोंडअळी त्याला दाद देत नाही. विषमज्वराच्या जिवाणूंचेही तेच झाले. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हमखास गुण देत असे. १९७२ मध्ये केरळात कालिकत येथे त्याला न जुमानणारे जिवाणू आढळले. १९९० च्या सुमारास अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोलही अनेक ठिकाणी निकामी ठरली. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनचा बोलबाला झाला. आज भारतातील बहुतेक जिवाणू त्यालाही पुरेसे दबत नाहीत. गंमत म्हणजे, वापर कमी झाल्यावर जुने क्लोरॅम्फेनिकॉल पुष्कळ ठिकाणी पुन्हा लागू पडू लागले आहे!

गावोगावी केली जाणारी विडाल तपासणी रोगाचा फक्त अंदाज देते, तोही पुष्कळदा चुकतो. औषधाविषयी ती काहीच सांगत नाही. त्यासाठी रक्ताचे कल्चर करावे लागते. प्रौढ रोग्याचे ८ ते १० मिलिलिटर रक्त पोषक द्रावणाच्या बाटलीत घालून जिवाणू वाढवतात. नंतर ते आगराच्या बशीत कापसाच्या बोळ्याने सारखे पसरवतात, वर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात आणि बशी ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवतात. औषध लागू असेल, तर चकतीभोवती जिवाणू उगवत नाहीत. तेथे स्वच्छ वर्तुळ दिसते. मात्र मोठे वर्तुळ म्हणजे अधिक चांगले औषध, असे समजू नये. सिप्रोफ्लॉक्सासिनला निदान ३१ मिलिमीटरचे वर्तुळ लागते, तर ॲझिथ्रोमायसिनला १३ मिलिमीटरचे पुरते. जेंटामायसिन तर बशीत जिवाणू मारते, पण रोग्याला त्याचा गुण येत नाही, कारण हे जिवाणू शरीरातील पेशींच्या आत दडून असतात. म्हणून अहवालाचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

रक्त प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्यापूर्वीच द्यावे. एरवीही निम्म्याच्या आसपास रोग्यांतच जिवाणू सापडतात. दुकानातून आणलेल्या दोन गोळ्या पोटात गेल्या, की ती शक्यता आणखी घटते. अहवालास साधारण ३ ते ५ दिवस लागतात. तोवर उपचार थांबवायचे नसतात. रक्त घेतल्यावर डॉक्टर औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरजेनुसार बदलतात. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय येथे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत. तीन-चार दिवस ताप उतरला नाही, तर रोग्याला तिकडे नेताना आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत.