शाळेत नाव घालताना

जामबागेतली विवेक वर्धिनी शाळा 1907 साली हैदराबादच्या मराठी माणसांनी उभी केली. परमुलखात मुलांची शाळा किती मोलाची असते, हे इथल्या मराठी घरांना ठाऊक आहे. याच शहरातल्या बालापूरच्या रोहिंग्या निर्वासितांच्या वस्तीत मुलांच्या शाळाप्रवेशाचे अर्ज भरताना मला तेच जाणवतं.

म्यानमारमधल्या 2012 च्या हिंसाचारानंतर वस्तीतली बरीच कुटुंबं इकडे आली. बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या, भंगार वेचणं नाहीतर रोजंदारी. परदेशी जायची वाट तशीही मोजक्यांनाच होती. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने निर्वासितांना वसवण्याचा कार्यक्रम थांबवला आणि तीही जवळजवळ बंद झाली. आता पोरं शिकणार ती इथंच.

अर्जाला आधी लागतं ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड. बापाच्या कार्डावर नावाचं एक स्पेलिंग असतं, मुलीच्या लसीच्या कागदावर दुसरंच. आम्ही एकेक अक्षर ताडून कार्डावरचंच लिहितो. आज फरक राहिला तर दहावीच्या अर्जाला अडतं. आडनाव बहुतेकांना नसतं, तिथं बापाचं नाव घालतो. जन्मतारीख विचारली की आई म्हणते, पावसाळा होता. कार्डावर मात्र 1 जानेवारी, भावाचीही तीच. आधारचा रकाना कोराच राहतो.

तिथंच गाडं अडतं. मग आम्ही 2009 चा शिक्षणहक्क कायदा पुढे ठेवतो: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्यांनी सरकारी शाळेत अर्ज करावा आणि नकार मिळाला तर उच्च न्यायालयात जावं.

प्रवेश मिळाला तरी काम सरत नाही. दहा वर्षांच्या मुलीला दखनी फाडफाड येते, तेलुगू अक्षर मात्र एकही नाही. वयानुसार वर्गात बसवून तिला वेगळं शिकवावं लागतं. वर्गात आधीच दाटी. शेजारच्या गल्लीतली एक स्थानिक बाजी (ताई) विचारते, "हमारे बच्चे कां बैठना फिर?" तिचा प्रश्न रास्त आहे. तीही रोजंदारीवरच जगते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मदतीचा पैसा फक्त वस्तीतल्या मुलांच्या वेगळ्या वर्गावर न घालता ही मुलं जातात त्या सरकारी शाळेवर घालावा. एक जादा शिक्षक, दोन स्वच्छतागृहं, पाण्याचा नळ. मदत करणाऱ्या संस्था उद्या निघून जातील, पण त्या नळाचं पाणी दोन्हीकडच्या मुलांना मिळत राहील, आणि पुढच्या वर्षी अर्ज घेऊन गेल्यावर ती बाजी आमच्या बाजूने बोलेल.