शिडाच्या होड्यांचा हंगाम

किनवटच्या माणसाला नाव म्हटली की पैलतीर आठवतो. पैनगंगेच्या एका काठी मराठवाडा आणि दुसऱ्या काठी विदर्भ. मधले पाणी ओलांडून माणूस, गाठोडे, प्रसंगी शेळी पलीकडे पोचविणे, एवढेच नावेचे प्रयोजन. जिला कोठेच जावयाचे नाही, जी निघाली तेथेच तासाभराने परत येते, आणि तरीही जिच्या येण्याकडे काठावरची मंडळी हातात घड्याळ धरून डोळे लावून बसतात, अशी नाव त्याला चमत्कारिक वाटली तर नवल नाही. परंतु मुंबईच्या बंदरात आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर दरवर्षी अशा शर्यतींचा हंगाम भरतो. त्यात मौजेची गोष्ट ही की, जो पाऊस मुंबईचा हंगाम बंद करतो, तोच हैदराबादचा हंगाम उघडतो. हे असे का व्हावे, आणि पैनगंगेवर असा हंगाम का भरत नाही, हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम होडीविषयी. हिला इंग्रज ‘डिंगी’ म्हणतात; हा शब्द त्यांनी येथूनच, हिंदी-बंगालीतील डिंगीवरून उचलला. आपलाच शब्द साहेबी पोशाखात परत आला म्हणून त्यास परका मानण्याचे कारण नाही. ह्या होड्यांचे अनेक ठराविक वर्ग आहेत. ‘लेझर’ ही एका माणसाची, सुमारे सव्वाचार मीटर लांबीची. कॅनडाच्या ब्रूस कर्बी ह्यांनी हिचा आराखडा केला आणि १९७१ पासून ती प्रचारात आली. निळ्या शिडाची ‘एन्टरप्राइझ’ दोघांची. ती जॅक होल्ट ह्या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली सिद्ध केली. मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची, न्हाणीघरातल्या टबासारखी दिसणारी चिमुकली होडी असते. एका वर्गातल्या सर्व होड्या एकाच मापाच्या असल्यामुळे कोणाची होडी महागाची हा प्रश्न बव्हंशी उरत नाही. कसोटी लागते ती माणसाची.

वाऱ्याने होडी पुढे ढकलली जाते हे कोणासही पटेल. पण ती वाऱ्याच्या दिशेकडेही चढत जाते हे ऐकून पुष्कळांस शंका येते. तिरप्या वाऱ्यात फुगलेल्या शिडाच्या बाहेरच्या अंगाने वारा अधिक वेगाने वाहतो, तेथील दाब घटतो आणि शीड त्या बाजूस ओढले जाते. ही ओढ थोडी पुढे व बरीचशी आडवी असते. आडवे घसरणे थोपविण्यासाठी होडीच्या पोटातून एक उभी फळी पाण्यात उतरविलेली असते. एका बाजूने वारा आणि दुसऱ्या बाजूने फळीवरचे पाणी, ह्या दोहोंच्या चिमटीत सापडलेली होडी, बोटांत दाबलेला ओला चिंचोका जसा पुढे निसटतो तशी पुढे निसटते. अगदी समोरून येणाऱ्या वाऱ्यात मात्र ती जाऊ शकत नाही. सुमारे ४५ अंशांचा तिरपेपणा राखून, कधी उजवीकडे कधी डावीकडे वळत, घाटातल्या रस्त्याप्रमाणे तिला चढावे लागते. सरळ रेषेत एक किलोमीटर असलेल्या खुणेस पोचण्यास अशा रीतीने जवळजवळ दीड किलोमीटर तोडावे लागतात. शर्यतीतील खरी अक्कल येथेच खर्ची पडते. वळावयाचे केव्हा, वारा कोठे अधिक आहे, तो पुढच्या क्षणी कोणीकडे सरकेल, हे पाण्यावरच्या काळसर लहरी पाहून ओळखावे लागते. आणि ते ओळखीत असताना होडी उलटू नये म्हणून अंग बाहेर झोकून, पाय पट्ट्यात अडकवून, जवळजवळ पाण्यावर निजावे लागते.

शर्यत सुरू होते ती पाण्यावरच्या एका काल्पनिक रेषेवरून. पंचांच्या नौकेची काठी हे तिचे एक टोक आणि तरंगता बोया हे दुसरे. निघण्यापूर्वी पाच मिनिटे एक ध्वज चढतो, चार मिनिटे उरली असता दुसरा चढतो, एक मिनिट उरता तो दुसरा उतरतो, आणि पहिला उतरला की शर्यत सुटली. बरोबर भोंगा किंवा बार होतो, परंतु तो नुसता लक्ष वेधण्यासाठी. वेळ धरावयाची ती ध्वजावरून. आगगाडीप्रमाणे होडी उभी करून ठेवता येत नाही. म्हणून ती पाच मिनिटे सर्वजण रेषेमागे घिरट्या घालीत असतात, आणि नेमक्या क्षणी वेगाने रेषेवर येणे ही एक कलाच होऊन बसते.

समोरासमोर आलेल्या दोन होड्यांपैकी जिच्या उजव्या अंगावर वारा आहे तिला वाट द्यावयाची, हा मुख्य नियम. तो मोडल्यास काय? मैदानावर शिट्टी घेऊन पंच धावतो. येथे बहुधा प्रत्येक होडीमागे पंच नसतो. ज्याच्या हातून आगळीक घडली त्याने आपण होऊन तेथल्या तेथे होडीस दोन गिरक्या द्यावयाच्या, बोयाला धक्का लागल्यास एक. कोणी पाहिले नसले तरी! ह्या गिरक्यांत दहा-बारा होड्या पुढे निघून जातात. शाळेतल्या मुलांना सचोटीवर निबंध लिहावयास लावण्यापेक्षा हे शिक्षण अधिक खडतर आहे.

आता हंगाम. एका दिवसाच्या शर्यतीत नशिबाचा वाटा मोठा; एखादी झुळूक मागच्याला पुढे नेते. म्हणून शर्यतींची मालिका घेतात. पहिल्यास १ गुण, दुसऱ्यास २, असे मांडून शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. बहुधा सर्वांत वाईट एखादा निकाल वगळूही देतात. ही माणुसकी बऱ्याच परीक्षांत आढळत नाही.

मुंबईस १८४६ सालापासून रॉयल बॉम्बे यॉट क्लब ही संस्था आहे. तेथे पाणी बारा महिने मुबलक; प्रश्न वाऱ्याचा. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचीसुद्धा त्या दिवसांत बंद असतात. त्यामुळे होड्या मे अखेरीपर्यंत किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्रास नारळ वाहतात. शर्यतवाले त्यांच्याही मागून, ऑक्टोबराच्या सुमारास पाण्यात उतरतात. मग दुपारनंतर समुद्रावरून येणारा वायव्येचा वारा त्यांना मे महिन्यापर्यंत साथ देतो. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकांच्या शर्यती मुंबईस झाल्या, त्या ह्याच ऋतूत. त्यांत फारुख तारापोर व झरीर करंजिया ह्यांनी ‘फायरबॉल’ वर्गात सुवर्णपदक मिळविले.

पठारावर सारेच उलटे. हिवाळ्यात वारा पडलेला, जून-जुलैत मात्र पश्चिमेचा भरघोस. समुद्राप्रमाणे डोंगराएवढ्या लाटा तळ्यात उठत नाहीत. म्हणून मुंबईच्या होड्या किनाऱ्यावर असताना हुसेनसागरावर हैदराबाद सेलिंग वीक आणि मान्सून रेगाटा भरतात. सोळाव्या शतकात कुतुबशाहीच्या काळी बांधलेला हा तलाव. आता त्याचे पाणी पिण्यास घेत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यातही तो आटत नाही. वारा येतो त्या वेळी पाणी हजर असते. पाण्याच्या घाणीची तक्रार मात्र जुनी व रास्त आहे.

पैनगंगेचे दुखणे येथेच कळते. जूनमध्ये वारा असतो तेव्हा नदीत डोह तेवढे उरलेले. जुलै-ऑगस्टात पाणी येते ते पुराचे, आणि वर सहस्रकुंडाला ज्याने तो लोंढा कोसळताना पाहिला आहे तो त्यात शीड उभारण्याची गोष्ट काढणार नाही. पुढे नदी निवळते तोवर वारा पडलेला. वरच्या अंगास इसापूरच्या धरणाचा जलाशय विस्तीर्ण आहे खरा. परंतु ते पाणी शेतीचे. उन्हाळाभर कालव्यांनी उपसा झाल्यावर जूनमध्ये त्याचा काठ चिखलापलीकडे गेलेला असतो. तो भरतो तेव्हा जोराच्या वाऱ्याचे दिवस सरत आलेले असतात. मराठवाड्यातील बहुतेक धरणांची हीच कथा, आणि शेतकऱ्याचे पाणी होड्यांसाठी राखून ठेवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

तरी समुद्र नाही म्हणून हा खेळ आपला नव्हे, असे मात्र समजू नये. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धांत लहान शिडाच्या ह्याच जातीच्या होडीवर रौप्यपदक मिळविणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातल्या देवासची, शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या तलावावर.

१९५६ पर्यंत किनवट तालुका हैदराबाद संस्थानातून झालेल्या राज्यातच, आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि आजही तेथून सिकंदराबादेस रेल्वे जाते. जुलैत कोणाचे जाणे झालेच तर हुसेनसागराच्या बंधावर दुपारी अर्धा तास उभे राहावे. वारा तोंडावर येईल. जवळच्या होड्यांकडे न पाहता प्रथम पंचांच्या नौकेवरील ध्वजाकडे पाहावे. तो उतरताच कोण रेषेवर आहे आणि कोण मागे राहिला, हे ध्यानात ठेवावे. मग पहिल्या बोयापर्यंत कोण कोठे वळतो ते पाहावे. मधेच एखादी होडी कारणावाचून गरगर फिरू लागली, तर ती बिघडली असे समजू नये.