कॉम्प्युटर घ्यायचाय? आधी आकडा वाचा!

२०२५ च्या श्रावणात आमच्या थोरल्या जाऊबाई कृष्णाकाठच्या गावाहून आल्या, त्या पिशवीत बावीस हजार रुपये घेऊनच. दोन म्हशींच्या दुधाचे आणि भिशीचे मिळून साठवलेले. चहाचा कप हातात घ्यायच्या आत त्यांनी पुडकं माझ्यापुढं ठेवलं. "पोरगं अकरावीला गेलं. कंप्युटर पायजे म्हणतंय. तू शाळेत शिकवतीस, तुला त्यातलं कळतंय. तूच घेऊन दे."

माझ्या पोटात गोळाच आला. कारण सांगायला लाज वाटते, पण आदल्याच दिवाळीत मी स्वतः चांगली फसले होते!

त्याचं असं झालं. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळेचे प्रकल्प मोबाईलवर करून करून तिचे डोळे लाल व्हायचे. शिकवणीच्या पैशांतून अकरा हजार बाजूला पडले होते. एका शहरात जुन्या कॉम्प्युटरचा सेल लागला होता, तिथं गेलो. दुकानदार म्हणाला, "आय-सेव्हन हाय की ओ ताई! याच्यावर काय नाही." डब्यावर निळी चकचकीत चिकटपट्टी होती. आय-थ्री लहान, आय-फाइव्ह मधला, आय-सेव्हन मोठा, एवढंच मला ठाऊक. साडीचा काठ बघावा तशी मी ती पट्टी बघितली आणि पैसे मोजले. घरी आणल्यावर यंत्र सुरू व्हायला इतका वेळ लागायचा, की तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या होत. एकदा मुलीचा अर्धा लिहिलेला निबंधच गेला. पोरगी रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. ते जास्त लागलं.

म्हणून जाऊबाईंचे पैसे हातात आल्यावर मी ठरवलं, की या खेपेला आधी शिकायचं, मग दुकानात पाय ठेवायचा. जे शिकले ते तुम्हांला सांगते.

पहिली गोष्ट आकड्याची. 'आय-सेव्हन' हे नुसतं घराणं झालं. पिढी त्याच्या पुढच्या आकड्यात असते. माझ्या डब्यात होता आय-सेव्हन २६००. चार आकडी संख्येतला पहिला आकडा म्हणजे पिढी. म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची! आय-फाइव्ह ८५०० असेल तर ती आठवी पिढी, २०१८ सालची. संख्या पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे बघायचे. १२१०० म्हणजे बारावी पिढी. मोठ्या घराण्यातल्या म्हाताऱ्यापेक्षा धाकट्या घराण्यातला तरुण पुष्कळदा जास्त कामाचा असतो, हे आपल्याला एरवी कळतं, दुकानात मात्र विसरायला होतं. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलनं 'कोअर अल्ट्रा' अशी नवी नावं काढली आहेत, पण आपल्या खिशातल्या मालाला जुनीच मोजणी लागू पडते.

आठव्या पिढीचा आग्रह का, तर विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची दुरुस्ती आणि सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ हे इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडं चालत नाही, निदान कंपनीच्या नियमानं तरी नाही. त्यामुळं कचेऱ्यांतून जुनी यंत्रं ढिगानं बाहेर पडली. स्वस्त दिसतात खरी, पण ती का स्वस्त आहेत ते असं आहे.

आता रॅम आणि डिस्क. या दोन शब्दांत आम्हां बायकांना हमखास गोंधळात पाडतात. तुम्ही असं समजा, की प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई, रॅम म्हणजे तिचा ओटा आणि डिस्क म्हणजे फडताळ. ओटा मोठा असला की चार पदार्थ एकदम मांडता येतात. पण फडताळातून डबा काढायलाच पाच मिनिटं लागत असतील, तर ओटा कितीही मोठा असून काय उपयोग? माझ्या त्या यंत्रात ओटा सोळा जीबीचा होता, फडताळ मात्र जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी घातली, की जुनं यंत्रसुद्धा तरतरीत होतं. शाळा-कॉलेजच्या कामाला रॅम आठ जीबी आणि एसएसडी २५६ जीबी पुरते. पैसे कमी पडले तर रॅम पुढं वाढवता येते, पण एसएसडी पहिल्या दिवसापासून हवीच.

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. यंत्र चालू करायला लावा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर गेलं, की प्रोसेसरचा पूर्ण आकडा, रॅम किती, डिस्क एसएसडी आहे की एचडीडी, सगळं उघडं पडतं. भाजीवाल्याकडं भेंडीचं टोक मोडून बघतो ना आपण, तसंच हे.

नवीन जुळवून घ्यावा की कचेरीतला जुना? आम्ही दोन्हीचे भाव काढले. नव्या जुळणीचा हिशेब मॉनिटर धरून तीस हजारांच्या घरात जात होता. जुन्यांत डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर असे मोठ्या कंपन्यांनी काही वर्षं वापरून सोडलेले कॉम्प्युटर मिळतात. ते मुळात दिवसभर चालण्यासाठीच बनवलेले असतात, शिवाय त्यांच्यासोबत बहुधा अधिकृत विंडोज असतं. साध्या जुळणीत "विंडोज फुकट टाकून देतो" असं कुणी म्हणालं, तर ते चोरीचं असतं हे ध्यानात घ्या. त्यापेक्षा लिनक्स बरं. ते खरोखरच फुकट आहे. आपल्या सी-डॅकनं 'बॉस' नावाचं लिनक्स भारतीय भाषांसाठी मुद्दाम तयार केलंय.

हे म्हणाले, "लॅपटॉपच का नाही? कुठंही नेता येतो." नेता येतो, तेच तर नको! डेस्कटॉप मधल्या खोलीत राहतो, जाता-येता पडदा दिसतो, आणि बिघडला तर बिघडलेला भागच तेवढा बदलता येतो. बारावीनंतर पोरगा साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूटला गेला काय किंवा पुण्याला गेला काय, तेव्हा लॅपटॉपचं बघता येईल. सारखी पाळत ठेवणं मलाही पटत नाही, पण अंथरुणात पांघरुणाखाली मोबाईल बघण्यापेक्षा खुर्चीवर ताठ बसलेला मुलगा केव्हाही चांगला.

शेवटी घेतलं ते असं: आय-फाइव्ह ८५००, आठ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, साडेचौदा हजार. एकोणीस इंची जुना मॉनिटर तीन हजार. यूपीएस अठ्ठावीसशे. कीबोर्ड-माउस सातशे. एकूण एकवीस हजार. पक्कं बिल घेतलं, त्यावर यंत्राचा सिरियल नंबर आणि सहा महिन्यांची हमी दुकानदाराच्या अक्षरात लिहून घेतली. तो जरा कुरकुरला. पण जाऊबाई तिथंच स्टुलावर बसून राहिल्या. बिल हातात पडेपर्यंत काही उठल्या नाहीत! (तुम्ही आता जाल तर भाव वेगळे असतील. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे आणि तिच्या मागोमाग एसएसडीचे भाव चढले आहेत.)

यूपीएसवर पैसे कशाला, असं वाटेल. गावाकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि लिहिता लिहिता यंत्र धाडकन बंद पडणं हे एसएसडीलाही सोसत नाही. यूपीएसनं दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम साठवून बंद करायचं. तीन पिनांच्या बटणाला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून आधी बघून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडकडू लागल्या, की नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिनही काढायची आणि इंटरनेटची वायरही.

सासूबाईंना धास्ती बिलाची. त्यांना हिशेब करून दाखवला. असलं यंत्र मॉनिटरसकट साधारण ऐंशी वॅट खातं. रोज चार तास धरले तर महिन्याला दहा युनिटच्या आत. "मग तुमच्या मिक्सरपेक्षा बरा की," त्या म्हणाल्या. मिक्सर बिचारा मिनिटभर चालतो, पण मी वाद घातला नाही.

आमच्या भागात गळिताच्या हंगामात अंगणभर काजळी पडते, ती यंत्राच्या पंख्यातही शिरते. दोन महिन्यांनी पिन काढून, डबा उघडून रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडून घ्या. ओलं फडकं मुळीच नको.

माझं ते फसलेलं यंत्र? त्यात दोन हजारांच्या आत नवी एसएसडी घातली आणि लिनक्स टाकलं. आता मी त्यावर प्रश्नपत्रिका काढते आणि मुलगी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टायपिंग शिकते. पहिले पंधरा दिवस जोडाक्षरांनी तिला रडवलं, आता माझ्यापेक्षा तिचा हात चालतो.

पुतण्याचं मात्र अजून एक गाऱ्हाणं आहे, आणि ते खरं आहे. त्याला खेळांसाठी पुढंमागं ग्राफिक्स कार्ड बसवायचं होतं. आम्ही घेतला तो आडवा, बुटका डबा. त्यात नेहमीच्या उंचीचं कार्ड मावत नाही, आणि त्याचा वीजपुरवठ्याचा भागही वेगळ्या मापाचा, बाजारातला सहज बसत नाही. त्याच दुकानात त्याच प्रोसेसरचा उभा, मोठा डबा हजार रुपये जास्त देऊन मिळत होता. पोरगा दुकानात दोनदा म्हणाला होता, "काकू, तो मोठा बघूया की." मी म्हटलं, जागा कशाला अडवायची! पुडक्यात हजार रुपये शिल्लक होते. ते जाऊबाईंनी परत नेऊन पेंडेला घातले.